शिवालिकचे महाकूर्म

देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेले दगडी कासव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पाथरवटाच्या छिन्नीवाचून दगड झालेली कासवेही या देशात आहेत. हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेल्या शिवालिकच्या टेकड्यांत, प्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूच्या व चिकणमातीच्या थरांत, लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय भूकूर्मांची हाडे सापडतात. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी १८३० नंतरच्या दशकात ती मोठ्या कष्टाने गोळा केली. १८४४ साली लंडनच्या विद्वानांपुढे या प्राण्याचे वर्णन करताना फाल्कनर यांनी त्याच्या कवचाची लांबी सव्वाबारा फूट धरली आणि पृथ्वीचा भार वाहणाऱ्या पुराणातील कूर्माचेही स्मरण केले.

पुढे हा अंदाज जवळजवळ निम्म्यावर आला. फाल्कनर यांच्यापाशी तुकडे पुष्कळ होते. अखंड कवच मात्र नव्हते. उरलेला आकार हयात कासवांच्या प्रमाणावरून कल्पावा लागला. १९२२ साली अमेरिकेहून भारतात आलेल्या बारनम ब्राउन यांना शिवालिकात बरेचसे पूर्ण कवच मिळाले. ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यावरून या कासवाचे कवच सहा-सात फुटांच्या आसपास होते असे दिसते. तेवढेही थोडे नव्हे! तथापि सुटे तुकडे आणि एकत्र राखलेले कवच यांत केवढे अंतर असते, हे या उदाहरणावरून कळते.

कासवाचे कवच वरवर एकसंध भासते. वास्तविक पाठीची ढाल सुमारे पन्नास हाडांची व पोटाची बहुधा नऊ हाडांची असते. कणा आणि बरगड्या पाठीच्या ढालीतच सामावलेल्या असल्यामुळे कासवाला कवचाबाहेर पडता येत नाही. हाडांचे सांधे करवतीच्या दातांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. मृत्यूनंतर हे सांधे सैल होतात, मातीच्या भाराने घुमट चेपतो आणि हाडांत खनिजे मुरून ती जड, पण ठिसूळ बनतात. अशा वेळी कुदळीचा एक घाव पुरे होतो.

म्हणून जाणकार मनुष्य कडा दिसताच ती ओढून काढीत नाही. प्रथम जागेची नोंद होते: कोणता थर, किती खोली, कवचाचे तोंड कोणत्या दिशेस. नंतर कुंचल्याने व बारीक टोकदार हत्यारांनी फक्त वरची बाजू उघडी करतात. हाड कोरडे असल्यास त्यावर पातळ राळेचे द्रावण सोडून ते घट्ट करतात. निसटलेल्या प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळतो. मग सभोवार चर खणून कवच मातीच्या चौथऱ्यावर ठेवतात, त्यावर ओल्या कागदाचे थर देतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडविलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. हाडावर प्लास्टर चिकटू नये, एवढ्यासाठीच तो कागद. चौथरा खालून कोरून गठ्ठा उलटा करावयाचा आणि उघडी बाजूही तशीच बांधावयाची. या युक्तीचे मूळ मोठे गमतीचे आहे. १८७६ साली अमेरिकेत माँटाना प्रांतात चार्ल्स स्टर्नबर्ग व त्यांच्या सोबत्यांनी जीवाश्म बांधण्यासाठी प्लास्टरऐवजी चक्क शिजवून घट्ट केलेल्या भाताची खळ वापरली होती.

प्रयोगशाळेत गठ्ठा उघडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. कवचावरील शिंगासारखे खवले केव्हाच कुजून गेलेले असतात. पण त्यांच्या कडांच्या खाचा हाडांवर उमटून राहतात. या खाचा आणि हाडांचे सांधे निरनिराळ्या वाटांनी जातात. दोन्ही रेषा जुळल्या, तरच तुकडा योग्य जागी बसला असे समजावे. जोडण्याचा डिंक पुन्हा विरघळविता येईल असा असावा लागतो, कारण आजची जुळणी उद्याच्या अभ्यासकास चुकीची वाटू शकेल. पूर्वी यासाठी लाख सर्रास वापरीत. ती कालांतराने काळवंडते व तडकते. उणा भाग भरून काढलाच, तर तो मूळ हाडापासून वेगळा ओळखू यावा, असाही दंडक आहे. शेवटी कवच त्याच्या आकाराच्या मऊ बैठकीवर, कोरड्या व स्थिर हवेत ठेवतात. त्याचा भार एकाच सांध्यावर येऊ देत नाहीत.

हिमाचल प्रदेशात सुकेती येथे १९७४ साली स्थापन झालेल्या जीवाश्म उद्यानात शिवालिकच्या या प्राण्यांच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात. पण दर पावसाळ्यात ओढे नवी हाडे उघडी पाडतात, आणि ती प्रथम दिसतात गुराख्यास किंवा शेतकऱ्यास. त्याने ते हाड घरी नेले, तर हाती केवळ एक नवलाचा दगड राहतो. तेच जागच्या जागी ठेवून, खूण करून, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास कळविले, तर त्या कासवाचा काळ, त्याची नदी आणि त्याचे खरे माप ही तिन्ही उजेडात येऊ शकतात.