दारावरची पाटी

जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी वृत्तपत्रे आज इंटरनेटवर पुष्कळ आहेत. वाचक पैसे देत नाही, जाहिरातदार देतो. आणि बातमीदाराचे वेतन त्यातूनच निघते. म्हणून या पत्रांच्या दारावरील एका लहानशा पाटीची माहिती आम्हां कामगार कार्यकर्त्यांनाही असली पाहिजे.

या पाटीचे नाव ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली ही पद्धत सुचविली. शोधयंत्रांचे स्वयंचलित कार्यक्रम पानोपान वाचीत फिरतात. त्यांना क्रॉलर म्हणतात. शिस्तीचा क्रॉलर प्रथम ही पाटी वाचतो. ‘युजर-एजंट’ या ओळीत नियम कोणासाठी ते असते, ‘डिसअलाऊ’ या ओळीत मज्जाव कोठे ते. ताऱ्याची खूण म्हणजे सर्वांसाठी. मज्जावाच्या ओळीत नुसती एक तिरकी रेघ ओढली की सबंध स्थळाचे दार बंद होते! एका रेघेवर वर्षाची मेहनत अवलंबून असते, ती अशी.

आता गूगलचे दोन नोकर निरनिराळे ओळखले पाहिजेत. ‘गूगलबॉट’ शोधासाठी पाने वाचतो. ‘मीडियापार्टनर्स-गूगल’ पानाला साजेशी जाहिरात निवडण्यासाठी. हा दुसरा ताऱ्याचा नियम मानीत नाही. त्याला नाव घेऊनच अडवावे लागते. पहिल्याला अडविले तर शोधातून येणारा वाचक आटतो. दुसऱ्याला अडविले तर जाहिरातीच्या मिळकतीला धक्का बसतो, शोधातील क्रमांकाला नव्हे. आणखी एक मेख अशी की, गूगलबॉटसाठी वेगळा नियम लिहिला की ताऱ्याखालचे नियम त्याला लागू राहत नाहीत. हवे ते पुन्हा लिहावे लागतात.

कोणी विचारील, जाहिरातवाल्याला वाट मोकळी ठेवली तर शोधात वरचा क्रमांक मिळेल काय? मुळीच नाही. उलट, मजकुराआधी जाहिरातींचीच गर्दी दाखविणाऱ्या स्थळांना खाली ढकलण्याचे धोरण गूगलने २०१२ साली जाहीर केले. पाटी आत येऊ देते; मान मिळतो तो मजकुराला.

शिवाय पाटी म्हणजे कुलूप नव्हे. बेशिस्त क्रॉलर ती जुमानीत नाही. मज्जाव केलेल्या पानाचा पत्ता अन्यत्र छापला गेला, तर तो शोधात दिसूही शकतो. पान शोधात नको असेल, तर त्या पानावरच ‘नोइंडेक्स’ ही खूण करावी आणि क्रॉलरला ती वाचू द्यावी. गुप्त कागद तर संकेतशब्दाच्या कुलपातच ठेवावेत.

करारनामा सहीपूर्वी सर्वांसमक्ष वाचावा, असे आम्ही गिरणीच्या दारावर सांगत आलो. ही पाटीही तशीच वाचली जावी. ती लिहितो एकटा तंत्रज्ञ. पण तिच्यातील चुकीची किंमत पगाराच्या दिवशी सारे मोजतात.