आखूड दांडा, जड हात

आज गियरच्या दांड्याविषयी थोडं बोलू या. ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली असेल त्यांना स्टिअरिंगखालचा तो दांडा आठवेल. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर हात केवढा फिरवावा लागे! अर्थात त्या गाडीकडून कुणी घाईची अपेक्षाही करत नसे. स्पोर्ट्स कारचं तसं नाही. गियर बदलायला मनगट हललं की काम झालं पाहिजे, खांद्याला कळताही कामा नये, अशी तिच्या मालकाची इच्छा असते. त्यासाठी आखूड पल्ल्याचे दांडे विकत मिळतात. इंग्रजी नाव शॉर्ट शिफ्टर.

माझ्या भाच्याने असाच एक मागवला. तो इंग्लंडमध्ये राहतो आणि त्याच्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. गाडीवर नाव मात्र 'युनोस रोडस्टर', कारण जपानमध्ये ती या नावाने विकली जायची. दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तिथल्या पुष्कळ वापरलेल्या गाड्या इंग्लंडात येऊन पोहोचल्या. फोनवर म्हणाला, "मामा, शनिवारी नवा दांडा बसवतोय. काही सांगायचंय का?" मी विचारलं, "जुन्याला झालंय काय?" म्हणाला, "सैल झालाय, खुळखुळतो. आणि हल्ली मूठ तापते." मूठ तापते म्हटल्यावर मी सावध झालो. ते का, ते पुढे सांगतो.

ही गाडी १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. जुन्या ब्रिटिश दोन आसनी गाड्यांची मजा, पण जपानी भरवशासह, असा तो बेत. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा शब्दप्रयोग कंपनीने त्यासाठी वापरला. आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंत केबल किंवा सळ्या गेलेल्या असतात. इथे इंजिन उभं, गियरबॉक्स त्याच्या मागे, दोन सीटच्या मधोमध, आणि दांडा थेट गियरबॉक्सच्या माथ्यात रोवलेला. म्हणजे मुळातच हिचा गियर आखूड पल्ल्याचा आणि नेमका पडणारा आहे. तो आणखी आखूड करायचा, तर काहीतरी मोजावं लागणारच.

काय मोजावं लागतं ते शाळेतल्या तरफेने कळतं. दांड्याच्या मध्ये एक गोळा असतो, तो टेकू. वरचं टोक आपल्या हातात, खालचं टोक गियरबॉक्समधल्या सळीत. हिशेबापुरतं धरा, गोळ्याच्या वर २० सेंटिमीटर आणि खाली ४. म्हणजे खालची सळी एक सेंटिमीटर सरकवायला हात पाच सेंटिमीटर हलवायचा. आता खालचा भाग ५ केला, तर हात चारच सेंटिमीटर हलेल. पल्ला वीस टक्क्यांनी कमी झाला. पण ज्या कामाला आधी चार किलोचा जोर लागत होता, तिथे आता पाच लागेल, म्हणजे पंचवीस टक्के जास्त. खालचा भाग तसाच ठेवून वरचा २०चा १६ केला, तरी हिशेब हाच. पहारीचा नियम आहे तो, कुठल्याही किटच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

हा जोर कुठे जातो? गियर पडताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग आधी एका वेगावर यावे लागतात. ते काम पितळी कडी करतात. त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. घासून घासून त्या वेग जुळवतात आणि मगच दात एकमेकांत जाऊ देतात. याला क्षणाचा एक अंश लागतो, पण लागतो. दांडा आखूड केल्याने तो वेळ कमी होत नाही. उलट हात घाई करतो, ढकलतो, आणि कडी झिजतात. या गाडीचा पाचगियरी गियरबॉक्स थंड असताना दुसऱ्या गियरला नखरे करतो, हे तिचे मालक जाणतात. तिथे जोर लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाला ढकलून उठवणं.

शनिवारी भाच्याने दांडा काढला. गाडीखाली झोपावं लागत नाही, सगळं आतूनच होतं. मूठ फिरवून काढायची, मधला कन्सोल उचलायचा, त्याखालचा मोठा रबरी बूट सोडवायचा. मग दांड्याच्या बुडाशी तीन बोल्ट. ते काढले की गोळ्यासकट दांडा वर येतो. मी बजावून ठेवलं होतं, भोकावर लगेच फडकं टाक. त्यात एखादा बोल्ट पडला, तर अर्ध्या तासाचं काम गियरबॉक्स उतरवण्यावर जाऊ शकतं.

आत पाहिलं तर आतला छोटा रबरी बूट फाटलेला. खालची गरम हवा, आवाज आणि वास तिथून वर येत होता, म्हणून मूठ तापत होती. दांडा ज्या वाटीत बसतो तिच्यात वेगळं तेल असतं, शंभर मिलिलिटरच्याही आत. गियरबॉक्सचं तेल बदललं तरी हे बदललं जात नाही, आणि बहुतेकांना ते आहे हेच ठाऊक नसतं. इथे तळाशी काळा चिखल उरला होता. खालच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुशही झिजलेलं. खुळखुळ यायची ती तिथून.

मी म्हटलं, आज नवा दांडा राहू दे. सिरिंजने चिखल ओढ, ७५डब्ल्यू-९०चं जीएल-४ प्रतीचं तेल घाल, बूट आणि बुश नवं टाक, आणि दोन आठवडे जुन्याच दांड्याने चालव. दोन्ही बदल एका दिवशी केले, तर सुधारणा कशाने झाली ते कळणार कसं? पोरगं हिरमुसलं, पण ऐकलं. दोन आठवड्यांनी सांगत होता, खुळखुळ गेली, मूठ थंड, गियर लोण्यासारखा पडतो.

तरी उन्हाळ्यात त्याने नवा दांडा बसवलाच. वय आहे! इंजिन बंद ठेवून आधी पाचही गियर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. दांडा कन्सोलला अडला तर गियर पुरता बसत नाही आणि चालत्या गाडीत सुटतो, म्हणून. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मजा येते म्हणतो, नुसती चुटकी. डिसेंबरच्या सकाळी मात्र पहिले दोन-तीन मैल दुसरा गियर दोन बोटांनी, थांबून थांबून टाकतो. जुना दांडा तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलाय.