उजवा हात आणि तीन अक्ष

आदिलाबादच्या बाजारात तेलुगू आणि मराठी पाट्या शेजारी शेजारी दिसतात. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले, पण मराठी इथे राहिली. अशा गावात लाकडावर नाव कोरणाऱ्या छोट्या यंत्राची परीक्षा पहिल्याच पाटीवर होते. अक्षर उलटे उमटले, तर ते मराठी ‘अ’ असो की तेलुगू ‘క’, वाचणाऱ्याला लगेच खटकते. निर्मलच्या कारागिरीत शोभावे असे दोन्ही बाजूंनी सारखे फूल कोरले, तर तोच दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. निर्मल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि तिथली पुनिकीच्या मऊ लाकडाची खेळणी देशभर माहीत आहेत. फूल नीट आले म्हणजे यंत्र नीट लागले असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे. हौशी सीएनसी राउटर, म्हणजे असे आज्ञेवर चालणारे कोरणयंत्र, जोडताना सर्वांत घाईने उरकले जाणारे काम म्हणजे अक्षांच्या दिशा लावणे, आणि सर्वांत जास्त सावकाशीने करावे असेही तेच काम आहे.

घरगुती राउटरांत ३०१८ नावाची जात फार पसरली आहे. कामाचे क्षेत्र साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर, त्यावरून हे नाव. मोटरवरचा कटर एक्स अक्षावर डावी-उजवीकडे सरकतो, झेडवर वर-खाली होतो, आणि वायसाठी मात्र कटर नव्हे, खालचा बेडच पुढे-मागे जातो. बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो. वायला अधिक दिशेची आज्ञा दिली की बेड चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि दिशा उलटी लागली असे वाटून नवखा माणूस ती बदलून टाकतो. वास्तविक ती बरोबर असते. यंत्राची दिशा नेहमी कामाच्या संदर्भात हत्यार कुठे जाते यावरून मोजायची. बेड अलीकडे आला म्हणजे कटर लाकडावर पलीकडे गेला, आणि पलीकडे म्हणजेच वाय अधिक. आयएसओ ८४१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पायावर उभे आहे. हत्याराऐवजी काम सरकत असेल, तर ते अक्षाच्या अक्षरावर प्राइम चिन्ह (′) देऊन वेगळी नोंद करते. हे एवढे मनात पक्के बसले की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. यंत्र माझे, टेबल माझे. मी कुठल्या बाजूला उभा राहतो त्याप्रमाणे दिशा ठरवल्या तर बिघडले काय? खरे तर काहीच बिघडत नाही, एका अटीवर. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरावे: अंगठा एक्स, तर्जनी वाय, मधले बोट झेड. हा हात कसाही फिरवला तरी चालतो. एक्स आणि वाय दोन्ही उलटे केले, तर कोरीव काम अर्ध्या फेऱ्याने फिरलेले निघते, अक्षर मात्र शाबूत राहते. पाटी फिरवून लावली की झाले. पण दोहोंपैकी एकच उलटा झाला, तर उजव्या हाताचा डावा हात होतो, आणि डाव्या हाताला कितीही फिरवून उजवा करता येत नाही. अक्षांचे तोंड कुठे असावे याला मोकळीक आहे. हात कुठला, याला नाही. झेडची गोष्ट तर आणखी कडक. झेड अधिक म्हणजे कटर कामापासून दूर. तो उलटा असेल, तर ‘सुरक्षित उंचीवर जा’ ही पहिलीच आज्ञा कटरला लाकडात खुपसते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: यंत्र आरशासारखे कोरत असेल, तर नक्षीच आधी आरशासारखी करून द्यावी, दोन उलट्यांचे सुलट होईल. पाटी वाचता येईल हे खरे. पण कटर तर एकाच दिशेने फिरतो, त्याला आरसा लावता येत नाही. कटरने कडेच्या कुठल्या बाजूने चालावे हे आज्ञावली तयार करणारा प्रोग्राम त्या फिरण्याशी जुळवून ठरवतो. डाव्या हाताच्या यंत्रावर ही जुळणी उलटते: ज्या वाटेने दाते फिरण्याच्या दिशेशी जुळवून लाकूड सोलायचे, तिथे ते विरुद्ध अंगाने घुसतात, किंवा याच्या उलट. हलक्या यंत्रात कटर ओढला जातो, सागवानाची कड उसवते, आणि दोष लाकडाला किंवा कटरच्या धारेला दिला जातो. चूक झाकण्यासाठी केलेली चूक पुढच्या प्रत्येक कामात वसुली करते. ठशासाठी खरोखरच उलटी अक्षरे हवी असतील, तर त्या एका नक्षीत जाणूनबुजून उलटावीत. यंत्राने सरळच राहावे.

दुरुस्ती कुठे करायची, हेही यातूनच ठरते. या यंत्रांत बहुधा ग्रबल नावाचा मुक्त प्रोग्राम असतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी तो २००९ मध्ये सुरू केला. त्याच्या ‘डॉलर ३’ या मांडणीत एक्सला १, वायला २, झेडला ४ असे आकडे आहेत; जो अक्ष उलटा, त्याचा आकडा मिळवून लिहायचा. फक्त वाय उलटा असेल तर २, एक्स आणि झेड असतील तर ५. तारा बदलूनही हे जमते: स्टेपर मोटरच्या एका गुंडाळीच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट फिरते. पण वीज चालू असताना मोटरची तार काढली तर ड्रायव्हर जळू शकतो. गॅन्ट्रीला, म्हणजे कटर वाहणाऱ्या आडव्या चौकटीला, दोन्ही बाजूंनी समोरासमोर दोन मोटरी असतील आणि त्या एकाच अक्षाला जोडलेल्या असतील, तर मात्र तारेला पर्याय नाही, कारण ‘डॉलर ३’ दोघींना एकदमच वळवतो.

होमिंग, म्हणजे यंत्राने आपले घर शोधणे, यानंतर. क्रम महत्त्वाचा आहे, कारण अक्षाच्या टोकाच्या लिमिट स्विचकडे कुठून जायचे ते ‘डॉलर २३’ ठरवतो, आणि तो दिशा ‘डॉलर ३’ने ठरलेल्या अक्षांवरूनच घेतो. आधी होमिंग लावून मग दिशा बदलली, तर यंत्र स्विचपासून दूर धावत जाऊन दुसऱ्या टोकाला आदळते. मूळ मांडणीत ग्रबल उजव्या, पलीकडच्या, वरच्या कोपऱ्यात घर मानतो. साहजिकच यंत्राचे सगळे आकडे उणे दिसतात. हे पाहून अक्ष उलटे करण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. उणे आकडा हा दोष नव्हे; घर अधिक टोकाला असले की उरलेली जागा उणेच असणार. कामाचा शून्यबिंदू वेगळा असतो: लाकडाच्या डाव्या, अलीकडच्या कोपऱ्यावर कटर नेऊन तिथे जी ५४ या जागेचे शून्य धरले की नक्षीचे एक्स-वायचे आकडे अधिकच राहतात. अशा सहा जागा, जी ५४ ते जी ५९, ग्रबल लक्षात ठेवतो.

तपासणी साधी आहे. कटर न लावता, लाकूड न ठेवता, प्रत्येक अक्षाला अधिक दिशेने १० मिलिमीटरची आज्ञा द्यावी. एक्सने कटर उजवीकडे, वायने कटर पलीकडे किंवा बेड अलीकडे, झेडने कटर वर. मग पेन बांधून कागदावर एक अक्षर काढावे, फूल नव्हे. पुढे कुणी खेळण्यांसारखे गोल काम करायला फिरता अक्ष जोडला, तर तोच नियम पुढे चालतो: एक्स अधिककडे अंगठा धरला की वळलेली बोटे ‘ए’ची अधिक दिशा दाखवतात, पण ती हत्याराची; लाकूड स्वतः फिरत असेल, तर ते बोटांच्या उलट फिरले पाहिजे.