पशुधनाचे व्यवहार : लेखांक 7 – ‘फळवतो’ या शब्दाचा अर्थ आणि वळूच्या हमीचा कागद

मागील लेखांकात दुभत्या जनावराच्या खरेदीचा विचार झाला. तेथे खरेदीदाराला दोन वेळा धार काढून दूध मोजून घेण्याची सोय असते; वळूच्या खरेदीत मात्र ज्या गुणासाठी पैसे मोजले जातात तो गुण व्यवहाराच्या दिवशी डोळ्यांना दिसतच नाही. सांगोल्याच्या आठवडी बाजारात किंवा खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड पाहणारा शेतकरी दात, खूर, शिंगांची ठेवण, वशिंड, कातडीचा पोत आणि चाल बारकाईने निरखतो, उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, इसार दिला जातो, आणि ज्या कामासाठी जनावर दावणीला न्यायचे त्या कामाविषयी मात्र ‘फळवतो ना?’ एवढाच प्रश्न आणि ‘बिनघोर न्या’ एवढेच उत्तर होते. बैलगाडा शर्यतींना पुन्हा मोकळीक मिळाल्यापासून, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2023 च्या निर्णयानंतर, देखण्या आणि चपळ खोंडाला मोठा भाव देण्याची वृत्ती बळावली आहे. परंतु तो भाव वेगाचा आणि रूपाचा असतो, प्रजननक्षमतेचा नव्हे, ही गोष्ट वळू म्हणून जनावर घेणाऱ्याने मनाशी पक्की करणे आवश्यक आहे.

प्रजननक्षमता हा एकच गुण नसून तीन निरनिराळ्या गुणांचा संयोग आहे. पहिला गुण म्हणजे कामेच्छा, अर्थात माजावर आलेली गाय ओळखून तिच्याकडे जाण्याची ओढ. दुसरा म्हणजे गायीवर चढून रेतन पूर्ण करण्याची शारीरिक शक्ती, जी पाय, खूर, पाठीचा कणा आणि शिश्न यांच्या निकोपपणावर अवलंबून असते. आणि तिसरा म्हणजे वीर्याची प्रत, म्हणजे त्यातील शुक्राणूंची संख्या, त्यांची पुढे सरकण्याची गती आणि त्यांची घडण. उत्तम वीर्य असलेला वळू मागच्या पायाच्या दुखण्यामुळे निरुपयोगी ठरतो, तर गायीमागून गाय फळवल्याचा भास निर्माण करणारा अत्यंत उत्साही वळू प्रत्यक्षात जवळजवळ निर्जीव वीर्य सोडत असतो. विक्रेत्याने ‘वळू चढतो’ असे सांगितले तर ते बहुधा खरे असते, परंतु त्यातून पहिल्या आणि दुसऱ्या गुणाचीच ग्वाही मिळते.

पूर्णपणे वंध्य वळू तुलनेने लवकर पकडला जातो, कारण एकही गाय गाभण राहत नाही. खरी हानी अल्पप्रजननक्षम वळू करतो, म्हणजे ज्याच्यापासून काही गायी राहतात आणि काही पुन्हा पुन्हा उलटतात. ज्या वळूपासून प्रत्येक माजाला शंभरांतील 60 गायी गाभण राहतात आणि ज्याच्यापासून 30 च राहतात, अशा दोन वळूंकडे प्रत्येकी 20 गायी सोडल्या असे मानले, तर 21 दिवसांच्या एका ऋतुचक्रात पहिला 12 आणि दुसरा 6 गायी गाभण करील; तीन चक्रांनंतर, म्हणजे सुमारे 63 दिवसांनी, पहिल्याकडील 18 ते 19 आणि दुसऱ्याकडील 13 गायी गाभण असतील. तेरा वासरे होणार म्हटल्यावर वळूत दोष आहे असे कोणाला वाटत नाही. उलटलेल्या सात गायींचा दोष गायींच्या, चाऱ्याच्या किंवा नशिबाच्या माथी मारला जातो, आणि ज्या राहिल्या त्यांतीलही अनेक एकेक दोन-दोन चक्रे उशिरा राहिल्याने त्यांचे वेत आणि दूध दोन्ही पुढे ढकलले जाते. म्हणून ‘या वळूपासून गायी राहिल्या आहेत’ हे विधान खरे असूनही ते प्रजननक्षमतेचा पुरावा ठरत नाही. किती गायींपैकी किती आणि किती दिवसांत राहिल्या, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. तोंडी व्यवहारात जी आठ-पंधरा दिवसांची मुदत दिली जाते, ती एका ऋतुचक्राहूनही लहान असते, त्यामुळे त्या मुदतीत वळू लंगडतो की नाही आणि चढतो की नाही एवढेच समजू शकते. गाय गाभण आहे किंवा नाही हे गुदमार्गे हाताने तपासून साधारण दोन महिन्यांनंतर खात्रीने सांगता येते. दोन-तीन चक्रांचा काळ आणि त्यापुढील दोन महिने धरले, तर फळण्याविषयीची कोणतीही प्रामाणिक हमी चार महिन्यांहून कमी मुदतीची असूच शकत नाही.

प्रजननक्षमता ही वळूच्या अंगी कायमची कोरलेली गोष्ट नसून ती काळानुसार बदलणारी अवस्था आहे, आणि या विषयातील बहुतेक भांडणांचे मूळ नेमके येथे आहे. वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे 60 दिवस लागतात आणि त्यानंतर अधिवृषण नावाच्या वेटोळ्या नलिकेत त्यांची परिपक्वता पूर्ण होण्यास आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजेच आज बाहेर पडणारे वीर्य हे सुमारे 70 दिवसांपूर्वीच्या शरीरस्थितीचे फळ असते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहणे हे या निर्मितीला अत्यावश्यक असते, त्यामुळे लाळ्या-खुरकूत, तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप, लम्पी यांसारख्या आजारांतील तापाचा किंवा वैशाखाच्या उन्हात उघड्या टेम्पोतून केलेल्या लांब प्रवासाचा परिणाम वीर्यावर होतो, तो काही आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुढे अनेकदा आपोआप ओसरतो. विक्रेता ‘माझ्याकडे तो फळवत होता’ असे शपथेवर सांगतो आणि खरेदीदार ‘माझ्याकडे एकही गाय राहिली नाही’ असे तितक्याच तळमळीने सांगतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता असते. त्यांपैकी एकाला लबाड ठरवण्याआधी 60 ते 70 दिवसांच्या अंतराने दुसरी वीर्यतपासणी करणे हाच न्याय्य मार्ग होय, आणि तो करारात आधीच लिहिलेला असावा.

पशुवैद्यकाकडून होणाऱ्या प्रजननयोग्यता तपासणीत शरीर, डोळे, पाय आणि खूर पाहिल्यानंतर दोन्ही वृषणे हाताने चाचपून त्यांचा सारखेपणा आणि घट्टपणा पाहिला जातो, वृषणकोशाचा घेर सर्वांत रुंद भागी फितीने मोजला जातो, शिश्न आणि त्याची खोळ तपासली जाते, आणि कृत्रिम योनीच्या साहाय्याने वीर्य घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी’ या पशुप्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने 1993 मध्ये ठरवलेल्या किमान कसोट्यांनुसार 30 टक्के शुक्राणू सरळ पुढे सरकणारे आणि 70 टक्के निर्दोष घडणीचे असावेत, आणि दोन वर्षांवरील वळूच्या वृषणकोशाचा घेर किमान 34 सेंटिमीटर असावा. घेराचे हे आकडे मुख्यतः विदेशी मांसल जातींच्या अनुभवावर बेतलेले असल्यामुळे उशिरा वयात येणाऱ्या वशिंडधारी देशी जातींना ते जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाबतीत त्याच जातीच्या, त्याच वयाच्या वळूंशी तुलना करून निर्णय घेणे अधिक योग्य ठरते. कामेच्छेची पाहणी या नेहमीच्या तपासणीचा भाग नसते. ती माजावरील गाय समोर आणून वेगळी करावी लागते.

रोगांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तो फळण्याच्या हमीत अजिबात समाविष्ट नसतो. ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग रक्ततपासणीत सापडू शकतो. परंतु कॅम्पायलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास या जंतूंचा वाहक असलेला वळू बाहेरून पूर्ण निरोगी दिसतो, त्याचे वीर्यही उत्तम असते, आणि तरीही तो ज्या ज्या गायीवर जाईल तिला संसर्ग देऊन लवकर गर्भनाश घडवतो. हे जंतू शिश्नाच्या खोळीतील धुवण तपासूनच सापडतात. गावात एकच वळू असेल आणि शेजारपाजारच्या गायी त्याच्याकडे आणल्या जात असतील, तर एका खरेदीतील निष्काळजीपणा सगळ्या गावाला भोगावा लागतो. म्हणून नवा वळू महिनाभर वेगळा बांधून रक्त आणि धुवण तपासल्यावरच गायींत सोडावा, आणि पहिल्या हंगामात बाहेरच्या गायी त्याच्याकडे आणू नयेत. तसे न केल्यास रोग कोठून आला हे सिद्ध करणे अशक्य होते आणि विक्रेत्याचा बचाव योग्यच ठरतो.

आता कायद्याकडे वळणे प्राप्त आहे. भारतात जनावर ही जंगम मालमत्ता असल्याने त्याची विक्री मालविक्री अधिनियम, 1930 खाली येते. या अधिनियमाचे कलम 12 ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांत भेद करते: शर्त म्हणजे कराराच्या मुख्य हेतूला अत्यावश्यक असलेले कलम, ज्याचा भंग झाल्यास खरेदीदाराला करार मोडून माल नाकारता येतो, आणि हमी म्हणजे मुख्य हेतूला आनुषंगिक असलेले कलम, ज्याच्या भंगाबद्दल केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. बोलीभाषेत हमी हा शब्द सर्वांत भक्कम वाटतो, परंतु कायद्याच्या भाषेत तो दोहोंपैकी दुर्बळ आहे. न्यायालय केवळ शब्दाला बांधलेले नसून कराराचा आशय पाहते हे खरे. तरीही कागदावर ‘हा वळू प्रजननासाठी विकत घेतला जात आहे आणि तो प्रजननक्षम असणे ही या विक्रीची शर्त आहे’ असे स्पष्ट लिहिणे शहाणपणाचे आहे. कलम 13 नुसार माल एकदा स्वीकारल्यावर, करारात वेगळे ठरले नसल्यास, शर्तीचा भंगही हमीच्या भंगाप्रमाणेच धरला जातो. वळू घरी नेऊन गायींत सोडणे हा स्वीकार मानला जाऊ शकतो, आणि गायींत सोडल्याशिवाय तर त्याची परीक्षाच होत नाही. म्हणून वापरानंतरही ठरलेल्या मुदतीत परत करण्याचा हक्क कायम राहील, हे एक वाक्य कागदात नसेल तर बाकीचे सर्व लेखन पांगळे होते.

व्यापारात ‘जांगड’ म्हणून ओळखली जाणारी, पसंत पडल्यास ठेवण्याची पद्धत कलम 24 मध्ये आहे; तीत मालकी पसंतीनंतरच खरेदीदाराकडे जाते. परंतु ठरलेली मुदत नकार न कळवता उलटली तर विक्री पूर्ण होते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. कलम 16 खालील योग्यतेची गर्भित शर्त मुख्यतः तो माल पुरवणे हाच ज्याचा धंदा आहे अशा विक्रेत्याला लागू होते, त्यामुळे घरचा एकच खोंड विकणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे किंवा करारसमयी उभय पक्षांना ठाऊक असलेले नुकसानच मागता येते. म्हणून किती गायींसाठी वळू घेतला जात आहे हे कागदावर नमूद केले, तरच हुकलेल्या हंगामाच्या भरपाईची मागणी उभी राहू शकते.

चांगल्या कागदात वळूच्या कानातील 12 अंकी बिल्ल्याचा क्रमांक, तपासणीची तारीख, गायींची संख्या, त्या गायी नियमित माजावर येतात याविषयी पशुवैद्यकाचा दाखला, दुसऱ्या तपासणीचा काळ आणि तिचा खर्च कोणी करायचा हे सर्व यावे. विक्रेत्याचेही न्याय्य हित त्यात जपले जावे: खरेदीदाराकडे झालेली दुखापत, उपासमार किंवा नुकत्याच वयात आलेल्या खोंडावर टाकलेला अतिभार यांची जबाबदारी त्याच्यावर येऊ नये.

अमेरिकेतील विक्रीपत्रांत नापास वळूची कत्तलीची किंमत वजा करून उरलेली रक्कम परत देण्याची सोय अनेकदा असते. ती येथे उचलता येत नाही, कारण महाराष्ट्रात 2015 पासून वळू आणि बैल यांच्या कत्तलीसही बंदी असल्यामुळे नापास वळूला ती किंमतच नाही. तरुण असल्यास त्याला खच्ची करून औताला जुंपता येते, वय झाले असल्यास तेही अवघड जाते. त्यामुळे येथील करारात परताव्याच्या रकमेइतकेच महत्त्व आणखी दोन कलमांना आहे: वाहतुकीचा खर्च कोणाचा, आणि दुसरा अहवाल हाती येईपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत वळूच्या वैरणीचा रोजचा दर किती व तो कोणी द्यायचा. हे दोन आकडे कोरे राहिले, तर वाद मिटेपर्यंत दोघांनाही नकोसे झालेले ते मुके जनावर कोणाच्या तरी खुंट्याला अर्धपोटी उभे राहते.