अब्बांची पेटी, अम्मीचा डबा

अब्बांच्या इंतकालानंतर घराची डागडुजी काढली, तेव्हा माळ्यावरचे सगळे सामान खाली आले. त्यात त्यांची पत्र्याची हिरवी पेटी होती. आत पाणबुडी दलाचा डॉल्फिनचा बिल्ला, गणवेशाच्या टोपीची काळी पट्टी, सहकाऱ्यांसोबतचे काही फोटो आणि एक हातोडीएवढा जड पाना. आणखी एक वस्तू असायला हवी होती, पण ती नव्हती. पितळेचे एक जुने दाबमापक होते, त्याच्या तबकडीवर रशियन अक्षरे होती. माझ्या धाकट्या भावाने ते आदल्या आठवड्यातच जुन्या नळांबरोबर भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकले होते. त्याची तरी काय चूक? ते कशाचे आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आम्ही कोकणातले, खाडीकाठचे. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी नौदलात. अब्बा मात्र पाण्यावर नव्हे, पाण्याखाली गेले. विशाखापट्टणमच्या तळावर फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्यांवर ते इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर मुंबईला गेले की रे रोडच्या दारूखान्यात एक चक्कर ठरलेली. तिथे जुनी जहाजे तोडली जायची आणि त्यांचे सुटे भाग विकायला यायचे. ते दाबमापक त्यांनी तिथूनच आणले होते. घरी आल्यावर रुमालाने पुसत म्हणाले होते, ‘‘असेच एक वर्षानुवर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते.’’ त्यापुढे काही बोलले नाहीत. पाणबुडीतली माणसे कमीच बोलतात. कुठे जायचे, कधी यायचे, हे घरीसुद्धा सांगायचे नसते. पुढे तीच सवय होऊन जाते.

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात दाखल झाली. म्हणूनच ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. तिच्या मागोमाग खंदेरी, करंज, कुरसुरा आणि पुढे वेला, वागीर, वागली, वागशीर आल्या. आठही फॉक्सट्रॉट वर्गाच्या. त्यांतली कुरसुरा १९६९ पासून २००१ पर्यंत सेवेत होती. २००२ साली तिला विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर आणून संग्रहालय केले गेले.

पेटी उघडल्यानंतरच्या हिवाळ्यात मी अम्मीला तिथे घेऊन गेले. खरे तर तिला यायचे नव्हते. अब्बांच्या त्या पेटीवर तिचा जुना राग होता. ‘‘त्यांना आठवणी आहेत, मला नुसती वाट बघणे आहे,’’ असे ती म्हणायची.

पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब आहे, पण आत गेल्यावर ती लांबी कुठे जाणवत नाही. दोन्ही बाजूंना नळ्या, चाके, तबकड्या. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायचे तर गोल दारातून वाकून, पाय उचलून जावे लागते. अशा जागेत पंचाहत्तरच्या आसपास माणसे राहायची. पाण्यावर असताना डिझेल इंजिने, पाण्याखाली बॅटऱ्या. गोडे पाणी मोजून वापरायचे, आंघोळ विसरायची. डिझेलचा वास कपड्यांत असा मुरायचा की अब्बा घरी आले की अम्मी त्यांचे कपडे आधी अंगणात टाकायची.

झोपायच्या फळीपाशी अम्मी थांबली. तिने हात पुढे केला आणि फळीची रुंदी वितीने मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. बाहेर येईपर्यंत ती काही बोलली नाही. समुद्राकडे तोंड करून बसल्यावर म्हणाली, ‘‘एवढ्या मोठ्या पलंगावर ते कडेला अंग चोरून झोपायचे. मी आयुष्यभर त्यांना बोलत राहिले. सरळ झोपा म्हणायचे.’’

घरी परतल्यावर तिने कपाटातून बिस्किटांचा एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत अब्बांची अंतर्देशीय पत्रे होती. एकाही पत्रात ते कुठे आहेत याचा उल्लेख नाही. बरा आहे, मुलांना सलाम, पैसे मिळाले का, एवढेच. पत्रांच्या खाली कालनिर्णयची जुनी पाने होती. त्यांवर पेन्सिलने फुल्या मारलेल्या. अब्बा समुद्रात गेले की पत्र येईपर्यंत दररोज एक फुली. ‘‘त्या दिवसांत आयते करीमा पढायची,’’ ती म्हणाली. ह. यूनुस अलैहिस्सलाम यांनी माशाच्या पोटात केलेली ती दुआ पाणबुडीवाल्याच्या बायकोला आठवणारच.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या घरात एक नाही, दोन संग्रह होते. एक पाण्याखालचा आणि एक किनाऱ्यावरचा. पेटीतल्या फोटोंच्या मागे तारखा होत्या. त्या आम्ही कालनिर्णयच्या फुल्यांशी लावून पाहिल्या. माझ्या भावाचा जन्म झाला तेव्हा अब्बा कुठे होते, हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळले.

अनेक घरांत सैन्यातल्या, नौदलातल्या, जहाजावरच्या माणसांच्या वस्तू पडून असतात. अनुभवातून काही गोष्टी सांगते. वस्तू कशाची, कुणाची, कुठून आली हे घरातले मोठे हयात असतानाच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वस्तूसोबत ठेवा. पदके असतील तर त्यांच्या कडा पाहा, तिथे नाव आणि क्रमांक कोरलेला असू शकतो. पितळ चिंचेने घासून चकचकीत करू नका, कोरलेली अक्षरे झिजतात. कोकणच्या दमट हवेत फोटो प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ते चिकटतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या उघडू नका, काहींच्या रंगात रेडियम असते. आणि बाजारातून घेणार असाल तर जपून घ्या. चोर बाजारात ‘जुन्या जहाजाचे’ म्हणून मिळणारे पुष्कळसे होकायंत्र आणि दुर्बिणी अलीकडेच घडवलेल्या असतात. तिथे फक्त पितळ मिळते, आठवण मिळत नाही.

नौदल स्वतः आपली नावे टाकून देत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या पाणबुड्यांना जुन्याच नावांचा वारसा दिला गेला. २०२१ साली मुंबईत नवी ‘करंज’ दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल व्ही. एस. शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या करंजचे कप्तान तेच होते.

आता आमच्या दिवाणखान्यात एका कपाटात पेटीतल्या वस्तू आणि डब्यातली पत्रे शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकीजवळ एक चिठ्ठी आहे. काही अम्मीने सांगितलेल्या, मी लिहिलेल्या. वरच्या फळीवर एक जागा मात्र रिकामी आहे. तिथली चिठ्ठी माझ्या भावाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे : ‘अब्बांचे दाबमापक. मला माहीत नव्हते.’