शू होईपर्यंत सगळे थांबा!

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडचा माणूस अवघड दुखणं निघालं की मिरजेची गाडी धरतो. त्या गर्दीत वरचेवर तापाने फणफणणारी लहान मुलंही असतात. लघवीत जंतू सापडतात आणि पुढे कळतं, की मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते आहे. डॉक्टरी भाषेत हा रिफ्लक्स. याच भागातल्या ऑपरेशन थिएटरांत भूल देताना रिफ्लक्सच्या ऑपरेशनांमागची जी धांदल मी पाहिली, ती डिस्चार्ज कार्डावर कधीच उतरत नाही.

पहिली परीक्षा एमसीयू या एक्स-रेची. नळीने मूत्राशयात औषध भरायचं आणि मूल लघवी करत असतानाच फोटो काढायचा, कारण काहींची लघवी त्या जोरातच वर चढते. घरी दिवसभर चड्डी ओली करणारं पोर इथे गार टेबलावर थेंब सोडत नाही. आई ‘शू शू’ करून थकते, मावशी नळ सोडून ठेवतात, शिशाचा एप्रन घातलेला टेक्निशियन बटणावर बोट ठेवून ताटकळतो. खटावकडच्या एका आजींनी शेवटी दम भरला, “आवं, तोंडं फिरवा की तिकडं! लाजतंय ते!” टेक्निशियन सोडून सगळे भिंतीकडे वळले. मिनिटात काम फत्ते.

मग येतो ग्रेड, एक ते पाच. एक-दोनचा रिफ्लक्स वय वाढेल तसा बहुधा आपोआप जातो. तरी “साहेब, एकदाचं करून टाका” हा आग्रह ठरलेला. आमचे सर्जन उलट विचारतात, “शी रोज होते का?” आजार किडनीचा आणि चौकशी पोटाची, म्हणून घरचे बुचकळ्यात पडतात. पण बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून ठेवायची सवय तशीच राहिली, तर जंतुसंसर्ग पुन्हा होतो आणि उत्तम ऑपरेशनही वाया जाऊ शकतं. ऑपरेशनची ठरलेली तारीख पुढे ढकलून मुलाला आधी पोट साफ व्हायचं औषध दिलेलं मी पाहिलं आहे.

जंतुसंसर्ग टाळायची औषधं चालू असूनही ताप येत राहिला, किडनीवर नवे व्रण दिसले किंवा ग्रेड वरचा असून उतरेना, की थिएटर. किडनीकडून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरलं की ती दाबली जाऊन बंद होते. हा भिंतीतला बोगदा आखूड असला की लघवी मागे फिरते. १९७५ साली कोहेन यांनी सांगितलेल्या पद्धतीत नळी सोडवून अस्तराखालून पलीकडच्या बाजूला नेतात. बोगदा नळीच्या रुंदीच्या पाचपट हवा. म्हणून सर्जन पट्टी लावून मोजतात आणि सिस्टर हळूच विचारतात, “भरलं का माप?” नळीत आधाराला घालतात ती बाळांना दूध पाजायची फीडिंग ट्यूब! शंभरात पंच्याण्णवहून जास्त मुलांना या ऑपरेशनने गुण येतो.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. डब्लिनमध्ये भारतीय वंशाचे डॉ. प्रेम पुरी आणि डॉ. ओडोनेल यांनी आधी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग केला आणि १९८४ साली मुलांमध्ये नळीच्या तोंडाखाली टेफ्लॉनची पेस्ट टोचली. हो, नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन! त्याचे कण शरीरात इतरत्र सरकण्याची भीती निघाली, म्हणून पुढे डेफ्लक्स नावाचं औषध आलं. टोचल्यावर उंचवटा येतो आणि नळीचं तोंड चंद्रकोरीसारखं दिसतं. ते दिसेपर्यंत सर्जन दुर्बिणीवरून डोळा काढत नाहीत. टाका नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घर. पण औषध महाग, आणि वरच्या ग्रेडला यश कमी. कधी पुन्हा टोचावं लागतं.

खरा गोंधळ वॉर्डात. उघड्या ऑपरेशननंतर पिशवीत लाल लघवी उतरते आणि नातेवाइकांचे चेहरे पांढरे पडतात. लघवीसाठी नळी लावलेली असूनही मूल “शू लागली” म्हणून रडतं. ते मूत्राशयाचं आकुंचन. म्हणून भूल देतानाच आम्ही कमरेखाली वेदना दाबणारं कॉडलचं इंजेक्शन देतो. पहिल्या रात्री सिस्टरचं निम्मं काम घरच्यांची समजूत काढण्याचं असतं.

सुट्टी देताना दोन गोष्टी बजावतो. किडनीवरचा व्रण ऑपरेशनने पुसला जात नाही, म्हणून रक्तदाब दरवर्षी तपासायचा. आणि घरातल्या धाकट्याला विनाकारण ताप आला, तर आधी लघवी तपासायची. हा आजार भावंडांत दिसतो.