दुबईतली शाळा : ऐकीव गोष्टी आणि खरे नियम

दुबईत २०२४-२५ या वर्षी २२७ खासगी शाळा होत्या. त्यांत शिकवले जाणारे अभ्यासक्रम १७ आणि मुले ३ लाख ८७ हजारांवर. अमिरातीतल्या सरकारी शाळा मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी असल्याने पुण्या-ठाण्याहून गेलेल्या कुटुंबाला शाळा निवडायची ती या खासगी शाळांमधूनच. नोकरीचे पत्र हातात पडले की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. त्या सल्ल्यांत पुष्कळदा जुने नियम, अर्धवट आकडे आणि आपल्या मुलाच्या शाळेचे कौतुक यांची सरमिसळ असते.

गैरसमज : चांगली शाळा हवी तर ब्रिटिश किंवा आयबी, भारतीय शाळा म्हणजे नाइलाज

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी प्राधिकरणाची देखरेख असते. शाळा कोणत्याही अभ्यासक्रमाची असो, तपासणीच्या श्रेण्या त्याच : उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, समाधानकारक, कमकुवत आणि अतिकमकुवत. २०२३-२४ मध्ये तपासलेल्या २०९ शाळांपैकी २३ शाळांना सर्वोच्च श्रेणी मिळाली. आयसीएसई आणि आयबी दोन्ही शिकवणारी जेम्स मॉडर्न अकॅडमी ही भारतीय शाळा वर्षानुवर्षे याच श्रेणीत आहे.

पण नुसत्या श्रेणीवरही विसंबू नये. २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये सर्व शाळांची नेहमीसारखी पूर्ण तपासणी झालेली नाही. त्यामुळे प्रवेशद्वारावरच्या फलकावर झळकणारी श्रेणी बहुधा त्याआधीची असते. मूळ अहवाल सर्वांना वाचायला खुले आहेत. त्यांत बालवाडी, प्राथमिक, माध्यमिक अशा टप्प्यांचे आणि प्रत्येक विषयाचे वेगळे मूल्यमापन असते. एखाद्या शाळेची बालवाडी नावाजलेली असते आणि वरच्या वर्गांतले गणित जेमतेम. मूल सातवीत जाणार असेल तर पालकांनी वाचायचे ते या वरच्या वर्गांचे पान.

गैरसमज : जूनमध्ये पोहोचलो की वर्षाच्या सुरुवातीलाच प्रवेश मिळेल

भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, बाकी बहुतेकांचे ऑगस्टच्या अखेरीस. महाराष्ट्रातली शाळा संपवून जूनमध्ये उतरलेल्या मुलाच्या भारतीय शाळेतल्या वर्गाचे दोन-अडीच महिने उलटलेले असतात आणि उन्हाळी सुट्टी तोंडावर आलेली असते. जागा रिकामी असेलच असेही नाही. १९६१ पासून चालू असलेल्या द इंडियन हायस्कूलसारख्या शाळेत बालवाडीच्या जागांसाठी सोडत काढण्याची वेळ आलेली आहे.

वयाचे गणितही निराळे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारे मूल पहिलीत बसते. अमिरातीत एप्रिलला सुरू होणाऱ्या शाळांसाठी ही तारीख ३१ मार्च आहे. ऑक्टोबरमध्ये सहावे संपणारे मूल नाशिकला त्याच जूनमध्ये पहिलीत गेले असते. दुबईच्या भारतीय शाळेत नव्याने नाव घालताना ते केजी-२ मध्ये राहते. ब्रिटिश शाळेतले ‘इयर टू’ म्हणजे आपली पहिली, हेही आधी माहीत असलेले बरे. नाहीतर मुलाने एक वर्ष उडी मारली, असे उगाच वाटते.

गैरसमज : शाळा सोडल्याचा दाखला सोबत असला की झाले

भारतातून येणाऱ्या मोठ्या मुलांच्या दाखल्यावर साक्षांकनाचे शिक्के लागतात. आधी राज्याच्या शिक्षण खात्याचा, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीचा. दुबईत पोहोचल्यावर हा कागद परत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवण्यात आठवडे जातात. सामान बांधण्याआधी हे काम उरकलेले चांगले.

गैरसमज : तिथे सगळ्यांनाच धर्मशिक्षण घ्यावे लागते

इस्लामी शिक्षण फक्त मुस्लिम विद्यार्थ्यांना सक्तीचे आहे. अरबी भाषा मात्र खासगी शाळांत पहिली ते नववी सर्वांना शिकावी लागते. अरब नसलेल्या मुलांसाठी तिचा सोपा, वेगळा अभ्यासक्रम असतो. मराठी तिथे सक्तीची नाही, कारण तिची सक्ती करणारा २०२० चा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. दुबईत मराठी वाचनाची सोय घराने आणि मंडळांनीच करायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या ग्रंथपेट्या तिथवर गेल्या आहेत.

गैरसमज : फी शाळेच्या मनावर, आणि भरायची कंपनीने

दुबईत फीवाढीला सरकारने ठरवलेली मर्यादा असते. २०२५-२६ साठी तिचा निर्देशांक २.३५ टक्के होता. अर्जासाठी जास्तीत जास्त ५०० दिरहम आणि नव्या प्रवेशासाठी वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. ही दुसरी रक्कम पुढे फीमध्ये वळती होते. बस, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च वेगळा. शिक्षणभत्ता मिळेल की नाही, किती मुलांसाठी आणि कुठवर, हे नोकरीच्या करारात लिहिलेले असेल तेवढेच खरे.

भाडे वाचवायला शारजात घर आणि शाळा दुबईत, असा हिशेब मांडणाऱ्यांनी अल इत्तिहाद रोडवरची सकाळची गर्दीही त्यात धरावी. शिवाय शारजा आणि अबू धाबी यांची शिक्षण प्राधिकरणे वेगळी आहेत, त्यामुळे दुबईच्या श्रेण्या आणि फीचे नियम तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

गैरसमज : सीबीएसई घेतली की परतल्यावर काहीच अडत नाही

पुस्तके तीच राहतात, हे खरे. प्रवेशाचे नियम मात्र बोर्डाबरोबर गावही बघतात. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी राज्यातल्याच शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण व्हावी लागते. काही अपवाद सोडले तर, दुबईत दहावी केलेल्या मुलाला नीटमध्ये उत्तम गुण मिळूनही हा दरवाजा बंद असतो. अभियांत्रिकीत अट सैल आहे. महाराष्ट्रातल्या अधिवासाच्या आधारे बाहेर शिकूनही पात्र ठरता येते. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटींमध्ये ‘दासा’ योजनेखाली वेगळ्या जागाही आहेत. म्हणून मुलीला डॉक्टर करायचे मनात असलेल्या कुटुंबाला परतायचे की नाही, याचा निर्णय तिच्या नववीच्या वर्षातच घ्यावा लागतो.